मजूरमंत्री बाबासाहेब

मूर्तिजापूर जंक्शनची ओळख कापसाने घडवली. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंचा कापूस अरुंद लोहमार्गाने येथे येई व पुढे मुख्य मार्गाने मुंबईकडे जाई. कापसाचा भाव त्याच्या प्रतीवरून ठरत असे. मात्र तो विणणाऱ्या गिरणीत आणि वाहून नेणाऱ्या रेल्वेत माणसाला कोणते काम मिळावे, हे त्याच्या जातीवरून ठरत असे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेशी दिलेला लढा आपल्या सभासंमेलनांत फारसा सांगितला जात नाही.

नोकराचा अपमान बाबासाहेबांनी स्वतः सोसला होता. १९१७ साली कोलंबिया व लंडन येथील अध्ययनानंतर ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर दुरूनच फाइली टाकत. शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही आणि ती नोकरी सोडावी लागली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असतानाही त्यांनी पाण्याच्या सामायिक भांड्याला हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. वरिष्ठ कितीही भला असला, तरी नियमाचे संरक्षण नसेल तर नोकर निराधारच राहतो, ही त्या अनुभवाची शिकवण होती.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अधिक वेतनाचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपात हे खाते सर्वांना खुले करण्याची मागणी घेतली जावी, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवणारा मालक त्या खर्चातून पूर्णपणे मुक्त राहू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. आपल्या मूर्तिजापुरातून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गावरचेच हे गाव. गँगमन म्हणून रुळांवर राबणाऱ्या आपल्या माणसाला साधे पोर्टरचे कामही मिळत नसे. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत. बाबासाहेबांनी हे परखडपणे मांडले आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांना त्यांच्या कारकिर्दीत सुरुवात झाली. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींत जाऊन मजुरांची स्थिती पाहिली. १९४४ साली खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्यासाठी पैसा कोळशावरील उपकरातून आला, म्हणजे ही मालकाची खैरात नव्हती. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर हेही नोंदवले पाहिजे, की युद्धकाळात कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी सरकारने उठवली आणि त्या निर्णयाचे उत्तरदायित्व त्यांच्याच खात्यावर आले. त्यांनी या स्त्रियांच्या समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व आग्रहाने मांडले. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. शंभर वा अधिक कामगारांच्या उद्योगांत कामाच्या वेळा, रजा, शिस्त व बडतर्फी यांचे नियम लेखी ठेवण्याचे बंधनही कायद्याने घातले.

आज आपले अनेक माजी विद्यार्थी अधिकारी आहेत, ठेकेदार आहेत, संस्थाचालक आहेत. पूर्वी आपण दाराबाहेर होतो, आता काही दारांच्या किल्ल्या आपल्या हाती आहेत. आपल्या कचेरीतील सफाई कामगाराला नेमणूकपत्र मिळते काय? त्याचे वेतन ठरल्या दिवशी होते काय? स्वयंपाकीण बाईला आठवड्याची सुट्टी आहे काय? भिंतीवरील प्रतिमेला हार घालण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे आपण स्वतःला द्यावीत.