कै. गोविंद बल्लाळ देवल

सांगलीपासून जवळच, वारणा जेथे कृष्णेस मिळते तेथे, हरिपूर नावाचे लहानसे गाव आहे. पेवांत साठविलेल्या हळदीमुळे व्यापाऱ्यांस ते पूर्वी परिचयाचे होते. परंतु ज्यांस नाटकाची गोडी आहे त्यांनी ते गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मस्थान म्हणून ओळखावे. देवल येथे १३ नोव्हेंबर १८५५ रोजी जन्मले. त्यापूर्वी बाराच वर्षे, १८४३ साली, विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिले होते.

बेळगावास शिकत असता अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांस शिक्षक लाभले. ह्या योगाचा परिणाम देवलांच्या सर्व आयुष्यावर झाला. पुढे ते स्वतःही शिक्षक झाले, आणि नाटकमंडळीत गेल्यावरही त्यांची शिक्षकी सुटली नाही. नटांकडून ते तालीम करवून घेत, म्हणून लोक त्यांस देवलमास्तर म्हणत. आम्हां शिक्षकांस ह्या पदवीचा किंचित् अभिमान वाटला तर वाचकांनी तो सोसावा.

इंग्रजीच्या वर्गात 'रोमिओ आणि ज्युलिएट' शिकविताना पुष्कळ विद्यार्थी दैवावर ठपका ठेवितात. साधूचे पत्र वेळेवर पोहोचले नाही, म्हणून दोन जीव व्यर्थ गेले, असे त्यांचे म्हणणे असते. देवलांनी त्या नाटकास हात लाविला नाही. परंतु उतावीळ कोठे संपते आणि दैव कोठे सुरू होते, ह्या प्रश्नाभोवती त्यांची लेखणी वारंवार फिरत राहिली, असे आम्हांस वाटते.

त्यांचे पहिले नाटक 'दुर्गा' हे १८८६ सालचे. सदर्न ह्या इंग्रज नाटककाराच्या एका शोकान्त नाटकावरून ते रचिलेले आहे. मूळ कथेत पती मेला असे समजून, सासऱ्याने घराबाहेर काढिलेली एक निराधार स्त्री दुसरा विवाह करिते, आणि विवाहानंतर पहिला पती जिवंत परत येतो. शेवट अर्थातच भयंकर होतो. ह्यावरून पुनर्विवाह अनिष्टच, असा अर्थ कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाही. पतीची पत्रे त्याच्याच भावाने दडविली होती. पत्र दडविणारा हात मनुष्याचा असता दैवास दोष देणे हा अन्याय होय.

त्यानंतर १८८७ साली देवलांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' मराठीत आणिले. निरपराध चारुदत्तास वधस्थानी नेतात, तेव्हा चांडाळांपैकी एक जण घाई करीत नाही. वध उतावळेपणाने करू नये, कोण जाणे कोणत्या कारणाने अपराध्याची सुटका होईल, असे त्याला त्याच्या बापाने मरतेवेळी सांगून ठेविलेले असते. आणि खरोखरच, जिच्या हत्येचा आरोप चारुदत्तावर आहे ती वसंतसेना धावत येते. ज्याचा धंदाच मारण्याचा, त्याला थांबणे ठाऊक होते!

ह्यानंतर तीनच वर्षांनी, १८९० साली, देवलांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले. येथे मारणारा प्रेम करणारा पती आहे, आणि त्याला थांबता येत नाही. मूळ नाटकात बापास न कळविता उरकलेला विवाह, एका कपटी हाताखालच्याने कानांत ओतलेले विष, आणि शेवटी एक हरवलेला रुमाल, एवढ्यावर एका साध्वीचा प्राण जातो. ज्या तरुणाविषयी संशय, तो त्याच गावात आहे. त्यास बोलावून एक प्रश्न विचारिला असता तर सर्व उलगडा झाला असता. तो प्रश्न ऑथेल्लो विचारितो, परंतु पत्नी निष्प्राण झाल्यावर. पवित्र शास्त्रातील इफ्ताहाचा नवस ज्यांनी वाचिला आहे, त्यांस अशा उतावळ्या शब्दाची किंमत कोणास भरावी लागते हे ठाऊकच आहे. तेथेही ती एका निरपराध मुलीनेच भरिली.

झुंझाररावाची भूमिका शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी यांनी अजरामर केली. शाहूनगर म्हणजे आपला सातारा. मंडळीने नावातच शहर बरोबर घेतले होते. बाळाभाऊ जोग हे कमळजेचे काम करीत. इंग्रजी ग्रंथांचे अध्ययन ज्यांस घडले नव्हते अशा गणपतरावांस शेक्सपिअरच्या नायकाचे अंतःकरण देवलांनी तालमीत उलगडून दाखविले. सांगलीकडच्या मास्तरांनी साताऱ्याच्या मंडळीस दिलेली ही देणगी दोन्ही जिल्ह्यांनी सारख्याच आदराने स्मरावी अशी आहे.

'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. ह्याची कथा उसनी नव्हती. द्रव्यलोभी बाप कोवळ्या मुलीस एका जरठाच्या गळ्यात बांधू पाहतो. ती नदीत जीव देऊ जाते, आणि कोदंड तिला वाचवितो. येथे घाई बापाची आहे, आणि तिला देवलांनी वेळीच अडविले. बालविवाहास आळा घालणारा १९२९ चा कायदा सारडा कायदा म्हणून ओळखला गेला. ते नाव हरबिलास सारडा यांचे, तरी ते ऐकून मराठी प्रेक्षकांस देवलांची शारदाच आठवावी हे साहजिक होते.

रुमालाची ती कथा मात्र देवलांच्या मनातून गेली नव्हती असे दिसते. 'झुंझारराव'नंतर तीनच वर्षांनी, १८९३ साली, त्यांनी मर्फीच्या एका इंग्रजी सुखान्त नाटकावरून 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिले, आणि आयुष्याच्या अखेरीस त्यात पदे घालून 'संशयकल्लोळ' सिद्ध केले. येथे रुमालाच्या जागी तसबीर आहे. फाल्गुनराव पत्नीच्या हाती परक्याची तसबीर पाहून जळतो, कृत्तिका पतीवर जळते, आणि अश्विनशेठ व रेवती ह्यांचे प्रेमही त्याच वणव्यात सापडते. पात्रांस महिन्यांची व नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी जणू ग्रहदशेचीच थट्टा केली आहे! संशय तोच, घाई तीच. परंतु ही माणसे भांडताना बोलतात, विचारितात, ओरडतात, आणि म्हणून कोणी मरत नाही.

देवल १४ जून १९१६ रोजी निवर्तले. 'संशयकल्लोळ'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात केला. ज्याने ते हसू रचिले, तो ते ऐकावयास उरला नव्हता.