मागे राहिलेली गाणी

बँकेत असताना काही वर्षे माझ्या टेबलावर मृत खातेदारांच्या दाव्यांच्या फायली येत. माणूस गेला की त्याच्या खात्याचे व्यवहार थांबतात, हे तिथे अंगवळणी पडलेले. त्यामुळे २००४ च्या अखेरीस कॉलेजात जाणारा मुलगा एका अमेरिकन रॅप गायकाची नवी सीडी घेऊन आला आणि हा गायक आठ वर्षांपूर्वीच वारला असे सहज सांगून गेला, तेव्हा मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहतच राहिलो.

तो गायक म्हणजे तुपाक शकूर. त्याची कथा सांगायची तर आईपासून सुरुवात करावी लागते. अफेनी शकूर ही ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. (आपल्याकडच्या दलित पँथरने १९७२ साली नाव घेतले ते याच पक्षावरून.) न्यूयॉर्कमध्ये बॉम्बस्फोटांचा कट रचल्याच्या आरोपावरून तिच्यावर आणि तिच्या साथीदारांवर खटला झाला. पोटात मूल असताना, वकील न घेता तिने आपली बाजू आपणच मांडली, आणि मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली. पुढच्याच महिन्यात, १६ जूनला, मुलगा झाला. त्याला नाव दिले ते स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करून १७८१ साली फासावर नव्हे, पण तितक्याच क्रूर रीतीने मारल्या गेलेल्या पेरूच्या तुपाक अमारूचे.

नाव मोठे, घरात मात्र चणचण. बाल्टिमोरच्या कलाशाळेत हा मुलगा अभिनय शिकला, कविता शिकला, चक्क बॅले शिकला. १९८८ साली कुटुंब कॅलिफोर्नियाला गेले. आई कोकेनच्या व्यसनात बुडाली आणि मायलेकांत अंतर पडले. आई पुढे त्यातून बाहेर आली. त्या दिवसांची चीड आणि आईचे ऋण ही दोन्ही त्याने १९९५ च्या ‘डिअर मामा’ या एकाच गाण्यात मांडली. मुलाने ते मला ऐकवले. रॅप म्हणजे तालावरचे भांडण, असे मी तोवर समजत होतो.

पहिला अल्बम १९९१ चा. मग सिनेमे, पैसा आणि मारामाऱ्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओच्या दारात त्याला गोळ्या लागल्या, तो वाचला. त्याच सुमारास एका तरुणीच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात तो दोषी ठरला. त्याने आरोप कायम नाकारला, पण चाहते हे प्रकरण झाकून ठेवतात ते मला पटत नाही. तो तुरुंगात असतानाच त्याचा तिसरा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

आणि इतके होऊनही जामिनाला पैसे नव्हते! ऑक्टोबर १९९५ मध्ये अपील चालू असताना डेथ रो या कंपनीच्या पुढाकाराने १४ लाख डॉलरचा जामीन भरला गेला. बदल्यात तीन अल्बमचा हाताने लिहिलेला करार. कर्ज देणारा आणि माल उचलणारा एकच असला की काय होते, हे आमच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. त्यानंतर हा तरुण रात्रंदिवस स्टुडिओत बसला. चार महिन्यांत दुहेरी अल्बम बाजारात आला, तरी ध्वनिमुद्रण थांबले नाही. ७ सप्टेंबर १९९६ ला लास वेगासमध्ये माइक टायसनची लढत पाहून निघाल्यावर त्याच्या मोटारीवर गोळीबार झाला. १३ तारखेला तो गेला. वय २५.

मृत्युपत्र नव्हते. वारस म्हणून उभी राहिली ती अफेनी. कोर्टात आपली बाजू मांडणे तिला नवे नव्हते. लेकाच्या जमाखर्चात शिल्लक फारशी नव्हती. उलट त्याच्याकडूनच येणे आहे, असा कंपनीचा दावा. ती लढली आणि अप्रकाशित गाण्यांवरचा हक्क तिने मिळवला. ‘अमारू’ ही स्वतःची कंपनी काढून १९९७ साली तिने पहिला संच प्रसिद्ध केला. हयातीत त्याचे स्वतःच्या नावाचे चार अल्बम. मृत्यूनंतर, २००६ पर्यंत, सात.

या सातांत फरक आहे. नोव्हेंबर १९९६ चा पहिला त्याने स्वतःच, ऑगस्टमध्ये पुरा केला होता. नंतरच्यांत आवाज त्याचा आणि वाद्यमेळ बहुतेक दुसऱ्यांचा. मुलाने आणलेला २००४ चा अल्बम एमिनेमने सजवला. त्यात मृताच्या आवाजाची गती बदलली म्हणून ऐकणारे नाराज झाले. मुलगाही झाला, पण सीडी परत करायला तयार नव्हता.

अफेनी २ मे २०१६ ला वारली. त्या फिती विकून तिने नुसता पैसा केला, असे म्हणणारे आहेत. मला तसे म्हणवत नाही. लेकाचा आवाज कपाटात ठेवून कुलूप लावणे कुठल्या आईला जमले असते?

माझ्या कपाटात दोन अर्धवट कादंबऱ्या आहेत. मृत्युपत्रात मी फ्लॅट लिहिला, शेअर्स लिहिले, पोस्टातली बचत लिहिली. त्या बाडांपुढची जागा कोरी आहे. ती जाळून टाक असे लिहू का, म्हणून मुलाला विचारले. लिहा, तो म्हणाला, पण मी आधी वाचणार.