रडारवाले वॉटसन-वॅट

आमच्या होस्टेलवर रात्री मोबाईलवर विमानं बघायचं वेड आहे. विमान स्वतःच ठावठिकाणा सांगतं म्हणून ते दिसतं. लष्करी विमानाने ट्रान्सपॉन्डर बंद केला की गायब! असं गप्प विमान शोधायची वाट दाखवली ती स्कॉटलंडच्या रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी.

जन्म १८९२ चा. हवामान खात्यात ते रेडिओने वादळं शोधायचे. १९३५ साली ब्रिटिश सरकारने त्यांना विचारलं, रेडिओलहरींनी शत्रूचा वैमानिक मारता येईल का? सहकारी अर्नोल्ड विल्किन्सने हिशोब मांडला. मारणं अशक्य, पण विमानावर आपटून परतलेल्या लहरी पकडता येतील! २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीचंच शॉर्टवेव्ह प्रक्षेपण वापरून प्रयोग झाला. हेफोर्ड बॉम्बर सुमारे १३ किलोमीटरपर्यंत सापडला. म्हणजे गाणी-बातम्यांच्या रेडिओने चक्क बॉम्बर पकडला! मला हे जाम आवडतं.

१९४० मध्ये किनाऱ्यावरच्या चेन होम रडारांनी जर्मन विमानांची खबर आधीच दिली. १९४२ मध्ये वॉटसन-वॅट 'सर' झाले. विल्किन्सचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, हे मला खटकतं. पुढे कॅनडात गाडी जोरात हाणली म्हणून पोलिसांनी 'सरां'ना रडारनेच पकडलं. १९७३ मध्ये इनव्हर्नेसला ते वारले.