व्हाल्डेमार पौलसेन

व्हाल्डेमार पौलसेन (२३ नोव्हेंबर १८६९ – १९४२) हे डॅनिश अभियंते व संशोधक होते. चुंबकीय पद्धतीने ध्वनी मुद्रित करणारे पहिले प्रत्यक्ष चालणारे यंत्र, टेलिग्राफोन, त्यांनी १८९८ साली तयार केले. ध्वनिफीत, चित्रफीत आणि संगणकातील हार्ड डिस्क यांचा उगम या यंत्राच्या तत्त्वात आहे. रेडिओ प्रक्षेपणासाठी वापरला गेलेला पौलसेन आर्क हा त्यांचा दुसरा महत्त्वाचा शोध होय.

प्रारंभिक जीवन

पौलसेन यांचा जन्म डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे झाला. त्यांचे वडील तेथील सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. १८८९ पासून पौलसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात नैसर्गिक विज्ञानांचा अभ्यास केला. मात्र पदवी न घेताच १८९३ मध्ये ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीच्या तांत्रिक विभागात रुजू झाले.

टेलिग्राफोन

त्या काळी टेलिफोन उचलणारे कोणी नसल्यास निरोप ठेवण्याची सोय नव्हती. एडिसन यांच्या फोनोग्राफमध्ये सुई मेणाच्या नळकांड्यावर खाच कोरीत असे व वारंवार ऐकल्याने ती खाच झिजत असे. पौलसेन यांनी कोरण्याऐवजी चुंबकनाचा मार्ग निवडला.

टेलिग्राफोनमध्ये दंडगोलावर पोलादी तार गुंडाळलेली असे आणि दंडगोल फिरताना एक लहान विद्युतचुंबक तारेवरून सरकत जाई. मायक्रोफोनमध्ये बोलल्यावर ध्वनीनुसार कमीजास्त होणारा प्रवाह विद्युतचुंबकातून वाहे आणि तारेचा प्रत्येक भाग त्या प्रमाणात चुंबकित होई. हे झाले लेखन. ऐकण्यासाठी तोच विद्युतचुंबक श्रवणीला जोडून तारेवरून पुन्हा फिरवला जाई. तारेवरील बदलत्या चुंबकत्वामुळे त्याच्या वेटोळ्यात प्रवाह प्रवर्तित होऊन मूळ बोलणे ऐकू येई. स्थिर प्रवाह सोडून मजकूर पुसता येई व तीच तार पुन्हा वापरता येई.

अमेरिकेतील ओबर्लिन स्मिथ यांनी अशीच कल्पना १८८८ मध्ये प्रसिद्ध केली होती. ती यंत्ररूपात यशस्वी करून दाखवली ती पौलसेन यांनी. त्यांच्या पेटंटात तारेऐवजी चुंबकीय तबकडी किंवा धातूच्या भुकटीचा लेप दिलेली कागदी पट्टी वापरता येईल, असेही नमूद होते. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात टेलिग्राफोनला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मुद्रित केलेला ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योझेफ यांचा आवाज हे उपलब्ध असलेले सर्वांत जुने चुंबकीय ध्वनिमुद्रण मानले जाते.

व्यावसायिक अपयश

यंत्राची मोठी उणीव म्हणजे त्याचा क्षीण आवाज. तारेतून मिळणारा संकेत अतिशय दुर्बल असे व तो वाढवणारे इलेक्ट्रॉनिक वर्धक त्या वेळी उपलब्ध नव्हते. पौलसेन व त्यांचे सहकारी पेडर ओलुफ पेडरसन यांनी मुद्रणाच्या वेळी ध्वनीच्या प्रवाहाबरोबर स्थिर प्रवाह सोडून स्पष्टता वाढवली, परंतु आवाजाचा प्रश्न सुटला नाही. अमेरिकेत १९०३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन टेलिग्राफोन कंपनीलाही यश लाभले नाही. पुढे निर्वात नलिकांचे वर्धक आल्यावर, १९२० च्या दशकापासून, जर्मनीत या तत्त्वाला नवी चालना मिळाली. १९२८ मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी लेप दिलेली फीत तयार केली.

पौलसेन आर्क

टेलिग्राफोननंतर पौलसेन बिनतारी संदेशवहनाकडे वळले. विल्यम डडेल यांच्या गाणाऱ्या विद्युत प्रज्योतीत सुधारणा करून त्यांनी ती हायड्रोजनयुक्त वायूत व तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवली. त्यामुळे रेडिओ कंप्रतेच्या अखंड लहरी निर्माण करता आल्या. तत्कालीन ठिणगी प्रेषकांच्या तुटक लहरींवर मानवी आवाज नीट पाठवता येत नसे. अखंड लहरींमुळे ते शक्य झाले. निर्वात नलिकांचे प्रेषक प्रचलित होईपर्यंत अनेक देशांच्या मोठ्या केंद्रांत पौलसेन आर्क वापरात होता.

हार्ड डिस्कशी संबंध

१९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्या २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. फिरणारी चुंबकीय तबकडी आणि तिच्यावर हव्या त्या वर्तुळाकार मार्गावर नेता येणारे शीर्ष, ही तिची रचना होती. शीर्षातील प्रवाहाने पृष्ठभाग चुंबकित करणे हे लेखन आणि चुंबकत्वातील बदलामुळे शीर्षात निर्माण होणारा प्रवाह ओळखणे हे वाचन. म्हणजे टेलिग्राफोनचेच तत्त्व.

फरक नोंदीच्या स्वरूपात आहे. पौलसेन यांच्या तारेवर ध्वनीचे चढउतार चुंबकत्वाच्या कमीअधिक तीव्रतेने उमटत. हार्ड डिस्कवर चुंबकनाच्या केवळ दोन विरुद्ध दिशा वापरतात आणि दिशा कोठे पालटते यावरून शून्य व एक हे अंक ओळखतात. त्यामुळे संकेत क्षीण झाला तरी तो ओळखता येईल तोवर माहिती अचूक राहते. आधुनिक डिस्कमध्ये वाचनासाठी वेगळा संवेदक असतो. चुंबकीय क्षेत्रामुळे त्याच्या विद्युत रोधात होणारा बदल मोजला जातो. लेखन मात्र आजही विद्युतचुंबकानेच होते.

सन्मान व निधन

पौलसेन यांना १९०७ मध्ये रॉयल डॅनिश सोसायटी ऑफ सायन्सेसचे सुवर्णपदक व १९०९ मध्ये लाइपझिग विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट मिळाली. पहिली हार्ड डिस्क येण्याच्या १४ वर्षे आधी, १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये डेन्मार्कच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.