हिरवी तार

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा हट्टाने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि तिथे त्याला कळले, की काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. ब्रश सुटला. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत, म्हणून तो तिकडे वळला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागला. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीही सोडली. मग बेळगावात सायकली, कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी शेतकऱ्यांना भीती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली.

हे आपण शाळेत वाचले आहे. माझे लक्ष अडकते ते त्या डोळ्यांपाशी. विजेच्या कामात माणसाचा जीव रंगांवर टांगलेला असतो : लाल, पिवळी, निळी या फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची.

१९१० साली बेळगावातली जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकर माळ दिला. निवडुंग आणि नाग. (एवढ्या तारणावर माझ्या बँकेने दमडी दिली नसती!) तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आसपासच्या खेड्यांतली माणसे कामाला आली. शिक्षा भोगून सुटलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी काम दिले.

त्या काळच्या कारखान्यांत साधारणपणे एकच इंजिन असे. वर छताशी लांब शाफ्ट, त्यावरून खाली उतरणारे चामडी पट्टे. धोतराचा सोगा अडकला तर माणूस ओढला जाई. पण पट्टा दिसे, त्याचा आवाज ऐकू येई. किर्लोस्करवाडी वसली त्याच वर्षी देशात भारतीय विद्युत कायदा झाला. पुढे यंत्रागणिक मोटर आली, पट्टे गेले आणि धोका अदृश्य झाला. आतले इन्सुलेशन जळाले, तरी मोटरीचे अंग जसेच्या तसे दिसते. ओल्या हाताने ते धरले, की छातीतून एक दशांश अँपिअर जाणेही जीव घ्यायला पुरेसे ठरते. पंधरा अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. अर्थिंग चांगले असेल, तर गळणारी वीज त्या वाटेने जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. किर्लोस्करवाडी तेव्हा दक्षिण सातारा जिल्ह्यात होती. सांगली हे नाव जिल्ह्याला १९६० मध्ये मिळाले. भारतीय विद्युत नियमांच्या नावातही १९५६ हेच साल आहे. मोटरीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत, शॉक बसलेल्यावर काय उपचार करायचे ते स्थानिक भाषेत लावलेले हवे, असे त्यांत होते. आता त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. दुहेरी अर्थिंग कायम आहे. शिवाय तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा स्विचही मिळतो. तरी तारेच्या रंगावर भिस्त ठेवू नये. आधीच्या वायरमनने हाताला लागली ती तार जोडलेली असू शकते. मेन बंद करून, टेस्टरने पाहून मगच हात लावावा. रंग ओळखणाऱ्यानेही.

माझ्या नोकरीत मी सांगलीकडच्या एका छोट्या वर्कशॉपची कर्ज-तपासणी केली. बिलात अर्थिंगचे साहित्य होते. प्रत्यक्षात हिरवी तार मोटरीमागे गुंडाळी करून ठेवलेली, फ्यूजमध्ये दोन-तीन पदरी जाड तार. मालक म्हणाले, पुढच्या आठवड्यात करून घेतो. आमच्या फॉर्मवर मोटर जागेवर आहे की नाही, एवढाच रकाना होता. मी आहे असे लिहिले, चहा घेतला आणि निघालो.

पावसाळ्यात फरशी ओली असताना तिथला एक पोरगा अनवाणी उभा राहून मोटर पुसत होता. बातमी बँकेत आली, तेव्हा मी फाईल मागवली. मोटर जागेवर होती. हप्ते थकले नव्हते. खाली सही माझी होती.