रेव्हरंड नारायण वामन टिळक : एक आजन्म विद्यार्थी

मुलगा परीक्षा उतरला की त्याचे शिक्षण संपले, असे समजणारे पालक आम्ही शिक्षकाच्या पेशात पुष्कळ पाहिले. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, तेव्हा काही काळ आम्हांसही तसेच वाटे. ही समजूत किती पोकळ आहे हे ज्यांच्या चरित्रावरून आम्हांस उमगले, त्या रेव्हरंड टिळकांची ओळख ज्ञातिबांधवांस करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुळात झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेत थोडाच काळ बसावयास मिळाले. बाकीचे इंग्रजी स्वकष्टाने मिळविले. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचन वाचू लागले, ते त्यांस सोडवेना. दोन वर्षांच्या मननानंतर, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत जबर पडली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. ज्ञातीने संबंध तोडला. ती ज्ञाती आपलीच, हे लिहिताना संकोच होतो. पण लपविणे बरे नव्हे. त्यांचा मार्ग आपल्यापैकी बहुतेकांचा नाही. तथापि व्यासंगाचा मान धर्म पाहून द्यावयाचा नसतो.

बाप्तिस्मा झाला म्हणजे धर्म कळला, असे टिळकांनी कधी मानिले नाही. अहमदनगरास इतरांस धर्मशिक्षण देता देता ते स्वतः शिकत राहिले. परक्या वळणाच्या गीतांनी मराठी मन निवत नाही, हे ध्यानी येताच ते पुन्हा ज्ञानोबा-तुकोबांचे विद्यार्थी झाले आणि अभंग, ओवी व कीर्तन यांतून ख्रिस्तभक्ती गाऊ लागले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, असे ते सांगत.

ज्या वयात आम्ही मास्तर लोक पेन्शनचे दिवस मोजू लागतो, त्या वयात, म्हणजे पंचावन्नी उलटल्यावर, १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यातच मोडत असे. तेव्हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांस ही आठवण घरचीच वाटावी.

९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी! लग्नाच्या वेळी त्यांस अक्षरओळखही नव्हती. पतीच्या घरी त्या लिहावाचावयास शिकल्या आणि उतारवयात 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी भाषेचे भूषण ठरल्या. विद्यार्थ्याच्या घरात विद्या अशी पसरते.

सभासद कुटुंबांस आमची एवढीच विनंती आहे : आपण ज्ञानेश्वरी वाचा, गीता वाचा वा अन्य कोणताही धर्मग्रंथ वाचा, पण तो केवळ पूजेपुरता उघडू नका. संध्याकाळी नातवंडास जवळ बसवून रोज एक पान अर्थासह वाचा, आणि जे कळले नाही ते कळले नाही असे त्याच्यासमोर मोकळेपणाने म्हणा. शिकणे तेथूनच सुरू होते.