विश्लेषण : पत्नीच्या शिलाई मशीनवर घासले पोलाद अन् जगाला मिळाले अचूक माप! कोण होते एडवर्ड जोहान्सन?

पुणे असो वा कोल्हापूर, कोणत्याही चांगल्या टूलरूममध्ये एक लाकडी पेटी जपून ठेवलेली असते. आत आरशासारखे चकाकणारे पोलादी ठोकळे असतात. त्यांना उघड्या हाताने शिवायचे नाही, हे आयटीआयच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच बजावले जाते. हे ठोकळे म्हणजे स्लिप गेज. मायक्रोमीटर बरोबर माप दाखवतो की नाही, हे यांच्यावर तपासतात. ते शोधणाऱ्या कार्ल एडवर्ड जोहान्सन यांनी सुरुवातीच्या ठोकळ्यांचे शेवटचे, सर्वांत नाजूक काम कारखान्यात नव्हे, तर स्वतःच्या घरी केले होते.

कल्पना कुठे सुचली?

जोहान्सन यांचा जन्म १५ मार्च १८६४ रोजी स्वीडनमध्ये झाला. तरुणपणी काही काळ अमेरिकेत राहून ते मायदेशी परतले आणि एस्किल्स्तूना शहरातील सरकारी रायफल कारखान्यात कामाला लागले. त्या काळी रायफलच्या प्रत्येक भागाच्या प्रत्येक मापासाठी वेगळा गेज लागे. रायफलचे नवे मॉडेल आले की शेकडो नवे गेज बनवावे लागत.

१८९६ मध्ये जोहान्सन जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्यात गेले होते. तिथेही गेजचा असाच पसारा होता. परतीच्या रेल्वे प्रवासात त्यांच्या मनात विचार आला. प्रत्येक मापाला वेगळा गेज कशाला? मोजकेच ठोकळे एकमेकांना जोडून हवे ते माप का तयार करू नये?

१०२ ठोकळ्यांत २० हजार मापे कशी?

समजा, ३७.६३ मिमी माप हवे आहे. तर १.१३, ११.५ आणि २५ मिमीचे तीन ठोकळे एकत्र जोडायचे. जोहान्सन यांच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून १ ते २०१ मिमीपर्यंतची, मिमीच्या शंभराव्या भागाच्या अंतराने सुमारे २० हजार मापे मिळत.

यात एक मोठी अडचण होती. प्रत्येक ठोकळ्यात ५ मायक्रॉनची चूक असेल, तर चार ठोकळ्यांत ती २० मायक्रॉनपर्यंत जाऊ शकते. म्हणजे प्रत्येक ठोकळा मिमीच्या हजाराव्या भागाच्या पातळीवर अचूक हवा आणि वर्षानुवर्षे वापरून तो झिजताही कामा नये. त्यासाठी पोलाद कठीण करणे भाग होते.

कठीण पोलाद घासणे इतके अवघड का?

लोहाराच्या भाषेत ‘पाणी दिलेल्या’ पोलादावर कानस नुसती घसरते. शिवाय तापवून एकदम थंड केल्यावर पोलाद थोडे वाकते, त्याचे मापही बदलते. त्यामुळे हार्डनिंगनंतर नेमके माप गाठायचे तर अपघर्षक पूड वापरून कणाकणाने घासण्यावाचून पर्याय नसतो. याला लॅपिंग म्हणतात. बीडाच्या सपाट पाटीवर तेल आणि बारीक पूड लावतात. बीड मऊ असल्याने पुडीचे कण त्यात रुततात आणि कठीण पोलादाला घासतात.

कारखान्यातील ग्राइंडिंग मशीन इतक्या बारीक कामाला पुरेशी नव्हती. म्हणून जोहान्सन यांनी पत्नी मार्गारेटा यांच्या शिलाई मशीनमध्ये फेरफार करून तिचे ग्राइंडिंग आणि लॅपिंगचे यंत्र बनवले. ठोकळे कारखान्यात बनत आणि शेवटचा हात घरी फिरे. घरकाम सांभाळून मार्गारेटाही या कामात त्यांना मदत करत. संच तयार झाल्यावर त्यांनी तो कारखान्यात दाखवला आणि पुढील कामासाठी त्यांना तिथे वेळ व साधने मिळाली.

इतके सपाट केलेले दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की घट्ट चिकटतात. याला रिंगिंग म्हणतात. सांध्यात हिशेबात धरण्याइतके अंतर उरत नाही, म्हणूनच मापांची बेरीज बरोबर येते.

पुढे काय झाले?

२ मे १९०१ रोजी जोहान्सन यांना स्वीडनचे पेटंट मिळाले. अमेरिकेतील पहिला संच १९०८ च्या सुमारास कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलँड यांनी घेतला. १९११ मध्ये त्यांनी एस्किल्स्तूना येथे स्वतःची कंपनी काढली, तर १९१८ पासून न्यूयॉर्क राज्यातही उत्पादन सुरू झाले. मात्र हा व्यवसाय त्यांना फार काळ स्वतंत्रपणे चालवता आला नाही. १९२३ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी ते हेन्री फोर्ड यांच्या कंपनीत रुजू झाले आणि १९३६ पर्यंत तिथे राहिले. ३० सप्टेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्याचे महत्त्व काय?

जोहान्सन यांचे ठोकळे २० अंश सेल्सिअस तापमानाला अचूक असत. १०० मिमीचा पोलादी ठोकळा एका अंशाने तापला तरी एक मायक्रॉनहून थोडा अधिक वाढतो. हाताची ऊब लागू द्यायची नाही, त्याचे एक कारण हेच. १९३१ मध्ये २० अंश हेच मोजमापाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान ठरले.

इंचाचीही तीच कथा. ब्रिटिश इंच २५.४ मिमीपेक्षा किंचित लहान होता, तर अमेरिकी किंचित मोठा. जोहान्सन यांनी १९१२ मध्ये इंचाचे ठोकळे बनवताना सरळ २५.४ मिमी धरले. पुढे उद्योगांनी तेच माप स्वीकारले आणि १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्यावर शिक्कामोर्तब झाले. चाकणच्या कारखान्यात अमेरिकेतून इंचात आलेले ड्रॉइंग मिमीत बदलताना आजही २५.४ नेच गुणले जाते.